सलग

तेविसाव्या सराव परीक्षेत
एकतीस ते सदतीस, सात प्रश्न चुकले.
सलग.
निकालाच्या पानावर लाल चौकोनांची रांग,
जेल रोडला टँकर यायच्या आधी लागते तशी,
हंड्याला हंडा टेकलेला.

आधीचे तीस जवळजवळ हिरवे.
अडतिसापासून पुन्हा हिरवे.
मधे मला काय झालं होतं?

एकतिसावा बैठकीचा. आठ माणसं, गोल टेबल,
वकिलाच्या डावीकडे कोण, ते काही केल्या सापडेना.
तो चुकला, ठीक.
पण बत्तिसावा सरळव्याजाचा होता, शाळेतला.
आणि चौतिसावा तर नुसती सरासरी:
बारा, अठरा, एकवीस.
मी सोळावर टिचकी दिली.

हात पुढच्या प्रश्नावर होता,
मी मात्र अजून त्या टेबलाशी उभी,
वकिलाला विचारत,
तुम्ही नेमके बसता कुठं हो?

पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर आमची अभ्यासिका.
दळण सुरू झालं की बाकं थरथरतात,
पेनाच्या टोपणावर पिठाची साय.
रजिस्टर सांभाळतात गांगुर्डे काका,
नोटांच्या प्रेसमधून निवृत्त.
जन्मभर छापलेले ताव तपासले.
फीचे पाचशे दिले तर अजूनही
नोट आधी ट्यूबलाइटकडे धरतात,
कडेवरून अंगठा फिरवतात,
मग ओशाळून हसतात.

माझं लाल पानही त्यांनी तसंच उजेडाकडे धरलं.
म्हणाले, पहिला ताव बिघडला तर आम्ही शाईला बोल लावायचो.
त्याच्या मागचे बिघडले
तर मला.
मशीन थांबवलं नाही म्हणून.

किती वेळ थांबवायचं, काका?

बिघडलेला बाजूला ठेवण्याइतकं.
त्याचं काय बिनसलं ते पाळी संपल्यावर बघायचं.

मग मी थांबायला शिकले,
म्हणजे लगेच नाही.
चोविसाव्या परीक्षेत इतकी थांबले
की नऊ प्रश्नांना हातच लागला नाही.
आई म्हणाली, आधी निदान चुकत तरी होतीस.

हळूहळू आठ सेकंदांवर आलं.
शंका आली की दोन्ही तळवे बाकावर पालथे,
खालून गिरणी हाताला लागते,
एक श्वास,
वकिलाला सांगायचं, बसा तुम्ही, जिथं असाल तिथं.
आणि पुढचा प्रश्न असा वाचायचा
जणू मी आत्ताच हॉलमध्ये आले.

केंद्र अंबडला मिळालं.
बिटकोवरून एक बस, द्वारकेला दुसरी.
दारात केसातली पिनसुद्धा काढायला लावली.
संगणक क्रमांक शेहेचाळीस.
बाराव्या प्रश्नाला कळलं, हा गेला.
पोटात तीच जुनी घसरण,
एक पायरी हुकली की सगळा जिना.

तळवे टेकले. सनमायका गार.
इथं खाली गिरणी नव्हती,
एसीची घरघर फक्त,
आणि शेजारच्या मुलाचा पाय, एकसारखा हलणारा.
आठ सेकंद गेले.
माझेच होते, मीच दिले.
तेरावा प्रश्न कापड दुकानदाराच्या नफ्याचा.
त्या दुकानदाराला
बाराव्याची काही खबर नव्हती.

महिन्याभरानं उत्तरं लागली.
मी पान काढून आणलं, काकांपुढे ठेवलं.
किती गेले?
चौदा.
सलग?
कुठं कुठं दोन. एकदा तीन.
त्यांनी पान उजेडाकडे धरलं नाही,
तसंच रजिस्टरात सरकवलं,
आणि उठून खिडकी लावून घेतली.
खाली कुणीतरी बाजरीचा डबा उतरवत होतं,
आता दळण सुरू होणार होतं.